टी.ए. बिलात एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुणवत्तेचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फेरी जवळ आली की महाविद्यालयांत ग्रीन ऑडिटची लगबग सुरू होते. एलईडी दिवे किती, गच्चीवरचे सौर पॅनेल किती किलोवॅटचे, आवारात झाडे किती, गांडूळखताचा खड्डा कुठे, सगळे मोजून फोटोसकट अहवालाला जोडले जाते. त्याच इमारतीत लेखा विभागाच्या कपाटात प्रवासबिलांच्या फायली असतात. त्यात डकवलेल्या बोर्डिंग पासांकडे ऑडिट करणारा ढुंकून पाहत नाही. परिषदा, निवड समित्या, पीएच.डी.च्या मौखिक परीक्षा, प्रकल्पांच्या आढावा बैठका यांसाठी होणारा विमानप्रवास विद्यापीठांच्या कार्बन उत्सर्जनात लहान नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा आवाराने आपला हिशेब मांडला तेव्हा परिषदा आणि व्याख्यानांसाठीच्या विमानप्रवासाचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या सुमारे एक-तृतीयांश निघाला. आपल्याकडेही हा आकडा काढायला लागणारे कागद सगळे आहेत. टी.ए. बिलात, म्हणजे प्रवासबिलात, हे उत्सर्जन किलोत मांडणारा रकाना तेवढा नाही.

हिशेब अवघड नाही. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुंबई–दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर. ए-३२० जातीच्या विमानाला या टप्प्यात पाच टन इंधन लागले आणि १५० प्रवासी बसले असे धरले, तर माणशी १०५ किलो होतात. मुंबई–लंडन जाऊन-येऊन इकॉनॉमी वर्गात एक टनाच्या वर जाते. भारतीय माणसाचे वर्षभराचे सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे एका परिषदेत निम्मे वर्ष संपले. लांब पल्ल्यात बिझनेस वर्गाची खुर्ची इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट जागा अडवते, म्हणून ब्रिटिश सरकारच्या गणनेत तिला उत्सर्जनही जवळपास तिप्पट लावतात. शिवाय उंचावर उमटणारे धुराचे पट्टे आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचा तापमानवाढीवरचा परिणाम वेगळाच. तो धरायचा असेल तर सध्या १.७ ने गुणण्याची पद्धत आहे. पण हा गुणाकार मुख्य रकान्यात मिसळू नये, शेजारी स्वतंत्र लिहावा. पुढे हा गुणक बदलला की मागच्या वर्षांशी तुलनाच करता येत नाही.

आता कोकणाची गोष्ट. इंटरनेटवरचे सगळे कार्बन कॅल्क्युलेटर विमानतळापासून सुरू होतात आणि विमानतळावर संपतात. रत्नागिरीच्या प्राध्यापकाचा प्रवास मात्र माळनाक्यावरून किंवा शिरगावातून सुरू होतो. मुंबई विमानतळ गाठायला तो डिझेल टॅक्सी करतो. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर साडेबावीस लिटर डिझेल जळते. लिटरमागे सुमारे २.७ किलो या दराने ६० किलो झाले. गाडी रिकामी परत येते, ते आणखी ६०. म्हणजे एकट्या माणसासाठी रत्नागिरी–मुंबई टॅक्सीचे १२० किलो आणि त्यापुढच्या मुंबई–दिल्ली विमानाचे १०५! टॅक्सीत तिघे असतील तर ४० किलोवर भागते, पण निवड समितीला तिघे एका गावातून एका दिवशी जात नाहीत. सावंतवाडी-कुडाळकरांना गोव्यातला मोपा विमानतळ जवळ पडतो, राजापूर-लांज्याच्या लोकांना कधी कधी कोल्हापूर, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की रकाना घराच्या दारापासून सुरू करा. नाहीतर मुंबईच्या महाविद्यालयासाठी बनवलेला तक्ता आपण भरत बसू आणि आपल्याकडचा अर्धा धूर कागदावर येणारच नाही.

रत्नागिरीहून दिल्लीला न बदलता गाडी आहे. राजधानी आहे, मंगला आहे, गोवा संपर्क क्रांती आहे. राजधानी पनवेल, वसई, वडोदरा, कोटा अशी जाते, मंगला नाशिक-भुसावळवरून. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. विजेच्या एका युनिटमागे देशात सरासरी ०.७ किलोच्या थोडे वर कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. त्यामुळे रेल्वे म्हणजे शून्य उत्सर्जन हा समज चुकीचा. वातानुकूलित डब्यात माणशी वीज जास्त लागते, आणि एलएचबी म्हणजे नव्या बांधणीच्या डब्यात थ्री टिअरला ७२ बर्थ, टू टिअरला ५२, फर्स्ट एसीला फक्त २४, म्हणजे वर्ग चढत गेला तसा माणशी वाटा वाढतो. तरीही टू टिअरने रत्नागिरी–निजामुद्दीन (दिल्ली) प्रवासाला आम्ही चाळीस किलो धरतो. टॅक्सी आणि विमान मिळून सव्वादोनशे. जाऊन-येऊन जवळपास पावणेचारशे किलोचा फरक पडतो.

जवळपास चोवीस तास गाडीत कोण बसणार, हा प्रश्न रास्त आहे. दिल्लीसाठी दर वेळी ते शक्य नाही, आणि तसा आमचा आग्रहही नाही. पण कोकणातले संशोधक वारंवार जातात कुठे ते पाहा. मत्स्यशास्त्राचे लोक वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत आणि कोचीला, जिथे सागरी मत्स्यसंशोधन आणि मत्स्य तंत्रज्ञान या दोन्ही केंद्रीय संस्था आहेत. सागरविज्ञानाचे लोक गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. काजूवाले मंगळुरूपलीकडच्या पुत्तूरला काजू संशोधन केंद्रात, माडावर काम करणारे कासारगोडच्या लागवड पिके संशोधन संस्थेत. दापोली, वेंगुर्ला, भाट्ये इथल्या शास्त्रज्ञांचा नेहमीचा राबता याच ठिकाणी असतो. या सगळ्या संस्था मुंबईपासून कोचीपर्यंत पश्चिम किनाऱ्याच्या एकाच लोहमार्गावर किंवा त्याला लागून आहेत. पुत्तूरला मंगळुरूहून तासा-दोन तासांचा फाटा, एवढाच काय तो अपवाद. देशात फार थोड्या भागांना अशी सोय असेल. तरी कोचीच्या बैठकीला जाणारा माणूस मोप्याहून किंवा मुंबईहून विमान पकडतो, आणि थेट विमान नसले तर बेंगळुरूत उतरून पुन्हा उडतो. उड्डाण आणि चढणीत मिनिटामागे इंधन सर्वांत जास्त जळते. दोन टप्पे म्हणजे दोन चढणी.

तो असे का करतो, याचे उत्तर आळस नव्हे. फायलीचे वेळापत्रक पाहिले की ते कळते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते, पूर्वी १२० दिवस होते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या सूचनेत विमानतिकीट किमान २१ दिवस आधी काढायला सांगितले आहे, आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांचे कार्यालय त्याच दिवसावर नजर ठेवून असते. अर्ज विभागप्रमुखाकडून प्राचार्यांकडे, तिथून संस्थेकडे, परत लेखा विभागाकडे असा फिरतो. मंजुरी हातात पडते तोवर विमानाचा एकविसावा दिवस उजाडलेला असतो आणि गाडीची प्रतीक्षा यादी शंभरावर गेलेली असते. मग टिपणीत लिहिले जाते, ‘रेल्वे आरक्षण उपलब्ध नसल्याने विमानप्रवासास मंजुरी द्यावी.’ हे वाक्य खरेच असते. गाडी भरली ती फाईल टेबलावर पडून असताना, हे मात्र कुठे लिहिलेले नसते.

याला उपाय साधा आहे. ज्या बैठका दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होतात त्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर करून ठेवावी. तारीख पक्की नसली तरी मंजुरी देता येते. बाकीच्या प्रवासांचे अर्ज ७५ दिवस आधी घ्यावेत, दहा दिवसांत निर्णय द्यावा आणि आरक्षण उघडते त्या सकाळी आठ वाजता तिकीट काढण्याचे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवावे. बैठक रद्द झाली तर रेल्वे तिकिटाचे रद्दीकरण शुल्क संस्थेने सोसावे, शिक्षकाच्या खिशातून काढू नये. हे शुल्क वसूल होते या धास्तीनेच पुष्कळ लोक तिकीट उशिरा काढतात. आणि गणपतीच्या आधी-नंतरचा आठवडा आणि शिमगा या काळात बाहेर जाणे ठरवूच नये. त्या दिवसांत गाडीत जागा मिळेल असे समजून आखलेला प्रवास हमखास विमानावर जातो.

दुसरी अडचण रजेची. शिक्षकांना शैक्षणिक वर्षात ३० दिवसांची कर्तव्य रजा मिळते. दोन दिवसांच्या परिषदेला विमानाने गेले तर तीन दिवस खर्ची पडतात, रेल्वेने गेले तर चार किंवा पाच. म्हणजे कमी धूर करणाऱ्याची रजा आधी संपते. रेल्वेने गेल्यास प्रवासाचे जादा दिवस या तीसमध्ये न धरण्याचा ठराव विद्यापीठांनी करावा आणि त्या दिवसांचा दैनिक भत्ता चालू ठेवावा. हा भत्ता आणि एसी टू टिअरचे भाडे मिळूनही टॅक्सी आणि विमानाच्या बेरजेपेक्षा खर्च कमीच येतो, लेखापरीक्षकाचीही त्याला हरकत असायचे कारण नाही. केंद्राच्या नियमांत वेतनस्तर ६ ते ११ ला इकॉनॉमी विमान किंवा एसी टू टिअर, दोन्ही चालतात. सहायक प्राध्यापक स्तर १० वर असतो. नियमात ‘किंवा’ आहे, पण विमान का निवडले हे कोणी विचारत नाही. अर्जात तेवढी एक ओळ मागा.

पावसाळ्याचे सोंग मात्र कोणालाच आणता येत नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागते, गाड्यांचा वेग कमी होतो, वंदे भारत आठवड्यातून कमी दिवस धावते. जुलै २०२४ मध्ये एकाच आठवड्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली, दोन्ही वेळा गाड्या रद्द कराव्या लागल्या किंवा वळवाव्या लागल्या. अशा दिवसांत परीक्षक किंवा उमेदवार वेळेवर पोहोचेल याची खात्री देता येत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमधल्या बैठका मुळातच ऑनलाइन ठेवाव्यात, आणि प्रत्यक्ष घ्यायच्याच असतील तर एक मोकळा दिवस आधी धरावा. गाडी अडकली तर बाहेरून येणाऱ्याने फोनवरून सामील व्हावे, ही तरतूद आमंत्रणपत्रातच लिहावी. ऐनवेळी ती सुचली तर समितीचा अध्यक्ष कोरमचा मुद्दा काढतो.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने बस किंवा रेल्वेने सहा तासांच्या आत गाठता येतील अशा शहरांची यादी करून तिथे विमानाने जायचे नाही असे ठरवले. आपल्याला सहा तास ही मर्यादा युरोपातून उचलायचे कारण नाही, कारण आपल्याकडे रात्रीची गाडी हा मोठा आधार आहे. संध्याकाळी चढून सकाळी उतरता येते ते गाव, मग तास कितीही असोत, रेल्वेच्या यादीत असावे. रत्नागिरीपुरते पाहायचे तर मुंबई, गोवा, मंगळुरू यांची चर्चाही नको. पुणे आणि कोल्हापूर एसटीने. अहमदाबाद, कोची, कासारगोड रात्रीच्या गाडीने. हैदराबाद, बेंगळुरू, नागपूर इथे कारण पाहून ठरवावे. दिल्ली, चेन्नई, कोलकाता इथे विमान चालेल, पण मुंबई विमानतळापर्यंत रेल्वेने जायचे. ही शेवटची अट अनेकांना क्षुल्लक वाटेल. वरचा टॅक्सीचा हिशेब पुन्हा पाहावा.

पण एवढे सगळे केले तरी देशातल्या देशातल्या प्रवासाचेच बोलणे झाले. उत्सर्जनाचा मोठा गठ्ठा थोड्या माणसांच्या थोड्या लांब उड्डाणांत असतो. अमेरिकन भूभौतिकी संघाची २०१९ ची सॅन फ्रान्सिस्कोतली परिषद हे अभ्यासलेले उदाहरण आहे. सुमारे २८ हजार लोक आले आणि त्यांच्या प्रवासाचे उत्सर्जन ८० हजार टनांच्या घरात, म्हणजे माणशी जवळपास तीन टन होते. सर्वांत दुरून येणाऱ्या ३६ टक्के लोकांनी पडद्यावरून भाग घेतला असता तर त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश वाचले असते. आणि जास्त उडणारे प्राध्यापक जास्त चांगले संशोधन करतात का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात विमानप्रवास आणि संशोधनाची फलनिष्पत्ती यांचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो पगाराशी.

आपल्याकडे या उड्डाणांना गुणांचे खतपाणी मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन गुणांच्या तक्त्यात निबंध वाचन किंवा निमंत्रित व्याख्यान परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत केले तर ७ गुण, भारतातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय परिषदेत ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. या आणि धोरणपत्रांच्या गुणांना मिळून एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. तरी पदोन्नतीसाठी दोन-चार गुण कमी पडत असतील तर माणूस काय करेल? बँकॉक किंवा दुबईच्या हॉटेलात दोन दिवसांची ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ भरते. तिथे आठ मिनिटे निबंध, अर्धा दिवस शहरदर्शन आणि प्रमाणपत्र. तोच निबंध दापोलीत, त्या पिकावर आयुष्य घालवलेल्या पंचवीस माणसांसमोर वाचला, प्रश्नांना तोंड दिले, तर तीन किंवा दोन गुण. गुण अंतराला मिळतात, कामाला नाही. हा तक्ता बदलणे विद्यापीठाच्या हातात नाही. मात्र परदेशी परिषदेत ऑनलाइन वाचलेल्या निबंधाला कोणता गुण द्यायचा, हे परिपत्रकाने स्पष्ट करणे निश्चित हातात आहे. आज छाननी समितीगणिक उत्तर बदलते, आणि या अनिश्चिततेपोटी लोक तिकीट काढतात.

मौखिक परीक्षांचा प्रश्न तर सुटल्यात जमा आहे. २०२० च्या टाळेबंदीत यूजीसीने पीएच.डी.च्या मौखिक परीक्षा व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली आणि २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत ऑनलाइनची मुभा कायम ठेवली. तरीही बाहेरच्या परीक्षकाला विमानाने आणून, एक रात्र ठेवून, दीड तासाची परीक्षा घेण्याची पद्धत पुन्हा रुळली आहे. यात मान-सन्मानाचा भाग मोठा आहे. शाल-श्रीफळ पडद्यातून देता येत नाही. परीक्षा नीट व्हावी एवढेच हवे असेल तर प्रबंधाची छापील प्रत पंधरा दिवस आधी स्पीड पोस्टाने पाठवावी, उमेदवाराच्या चेहऱ्यावर एक कॅमेरा आणि फळ्यावर दुसरा लावावा, आणि परीक्षकाच्या सहीचा अहवाल त्याच दिवशी स्कॅन करून मागवावा. दुसरा कॅमेरा नसेल तर उमेदवार आकृती काढत असताना परीक्षकाला त्याची पाठ दिसते. ऑनलाइन परीक्षेला जे नावे ठेवतात त्यांचा अनुभव बहुधा असल्या खोलीतला असतो.

संमिश्र परिषदेचेही तेच. बिघाड चित्रात होत नाही, आवाजात होतो. सभागृहातल्या कर्ण्यांतून बाहेरच्या वक्त्याचा आवाज येतो, तो लॅपटॉपचा माइक पुन्हा उचलतो आणि वक्त्याला स्वतःचेच बोलणे अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. दोन मिनिटांत तो माणूस बोलणे थांबवतो. यावर उपाय मिक्सरवर आहे. लॅपटॉपचा अंगभूत माइक बंद ठेवायचा. सभागृहातले माइक मिक्सरमध्ये घ्यायचे आणि मिक्सरच्या मुख्य आउटऐवजी ऑक्स आउटमधून, म्हणजे आवाज वेगळा बाहेर काढायच्या वाटेतून, यूएसबी साउंड कार्डमार्गे लॅपटॉपला द्यायचे. लॅपटॉपचा आवाज मिक्सरच्या स्वतंत्र चॅनलवर घ्यायचा आणि त्या चॅनलची ऑक्सची कळ शून्यावर ठेवायची. म्हणजे बाहेरच्या वक्त्याचा आवाज सभागृहात जातो, त्याच्याकडे परत जात नाही. मंडपवाल्याच्या साध्या आठ चॅनलच्या मिक्सरवरही हे होते, फक्त त्याला आदल्या दिवशी बोलावून घ्यावे लागते. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी फिरता माइक हवाच. माइकविना विचारलेला प्रश्न बाहेर कोणाला ऐकू जात नाही, आणि ऐनवेळी तो माइकवर पुन्हा सांगण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

इंटरनेटला वायफायवर भरवसा ठेवू नये, केबल ओढावी. प्रक्षेपणाला अपलोडचा वेग स्थिरपणे ५ एमबीपीएस मिळाला तर पुरतो, पन्नासची गरज नसते. महामार्गाच्या कामात फायबर तुटणे कोकणात नवे नाही, तेव्हा दुसऱ्या कंपनीचे मोबाइल जोडणीचे डोंगल चालू स्थितीत शेजारी हवे. वीज गेली की सभागृहाचा जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर बंद पडतो आणि पुन्हा जोडणी व्हायला काही मिनिटे जातात. राउटर आणि फायबरची डबी यांना मिळून पंचवीस वॉटही लागत नाहीत, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांच्यापुरता वेगळा बसवला की हा खोळंबा टळतो. वेळही जुळवून घ्यावी लागते. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ ठेवले तर हिवाळ्यात मध्य युरोपात दुपारचे दोन ते पाच वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कला सकाळचे आठ ते अकरा. दिवसा स्थानिक सत्रे आणि संध्याकाळी परदेशी वक्ते, असा क्रम लावता येतो. भाषणे दहा-बारा मिनिटांची, आधी ध्वनिचित्रित करून घ्यावीत, प्रत्यक्ष वेळ प्रश्नोत्तरांना ठेवावी. आणि ऑनलाइन श्रोत्यांचे प्रश्न वाचून दाखवायला सभागृहात एक माणूस नेमावा, ज्याला दुसरे काही काम नसेल.

व्हिडिओलाही वीज लागतेच, असा टोला कोणी मारतो. लॅपटॉप ५० वॉटचा, आठ तास चालला तर ०.४ युनिट, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आत. सर्व्हर आणि नेटवर्क धरून सगळे मिळून तिप्पट धरा, तरी एक किलो होत नाही.

झाडे लावून भरपाई करण्याच्या सूचनेबद्दल आमचे मत चांगले नाही. परिषदेच्या शुल्कात शंभर रुपये वाढवून ‘प्रत्येक पाहुण्यामागे एक झाड’ अशी पाटी लावली जाते. विमानातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शतकानुशतके हवेत राहतो, झाडालाही तेवढे उभे राहावे लागेल. जून-जुलैत सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, खड्डे खणून लावलेली रोपे पहिल्या दोन उन्हाळ्यांत करपतात आणि उरलेली फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात जातात. खासगी रानातल्या तोडीबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय सड्यावरचे गवत आणि पावसाळी फुले हे स्वतंत्र जीवन आहे, तिथे झाडे लावणे हाच मुळात उपद्रव. शाश्वत विमान इंधनाचेही तूर्त नाव काढू नये. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने ठेवलेले उद्दिष्ट २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के आहे. उरलेले ९५ टक्के इंधन तेच राहणार आहे.

कपात कोणाची करायची, यावर मात्र नीट विचार हवा. सरसकट टक्केवारी लावली तर पहिला फटका बसतो तो मत्स्य महाविद्यालयातल्या किंवा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या त्या संशोधक विद्यार्थ्याला, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा परदेशी जायची संधी मिळाली आहे. त्याचा प्रवास तसाच राहू द्यावा. उपकरण शिकायला जाणे, बोटीवरचे किंवा शेतातले क्षेत्रकाम, अनोळखी गटाशी नवे सहकार्य सुरू करणे, यांनाही प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही. कात्री लागावी ती वरिष्ठांच्या एका दिवसाच्या बैठकांना. कामाचे दोन पूर्ण दिवस नसतील तर विमान नाही, हा एक नियम पुरेसा आहे. खंडाबाहेर जायचे असेल तर किमान पाच कामाचे दिवस, परिषदेला जोडून एखाद्या प्रयोगशाळेची भेट किंवा व्याख्यान, आणि एकाच माणसाला दोन वर्षांत एकदाच. बिझनेस वर्ग कोणालाही नाही, पद कोणतेही असो.

आता रकान्याबद्दल. प्रत्येक प्रवासबिलात कुठून, कुठे, मध्ये कुठे उतरले, वर्ग, कारण, कामाचे दिवस आणि तिकीट कोणी काढले एवढे असावे. अंतर नकाशावरचे सरळ घ्यावे आणि त्यात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीप्रमाणे ५५० किलोमीटरच्या आत असेल तर ५०, ५५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवावेत, कारण विमान सरळ रेषेत जात नाही. या संघटनेचा कॅल्क्युलेटर फुकट आहे, तोच दरवर्षी वापरावा. मुंबई–दोहा–लंडन हे एक उड्डाण नसून दोन आहेत, दोन ओळी लिहाव्यात. तिकिटाच्या रुपयांवरून उत्सर्जन काढण्याची पळवाट घेऊ नये. साडेचार हजारांचे आणि ऐनवेळचे चौदा हजारांचे तिकीट शेजारशेजारच्या खुर्च्यांचे असते, इंधन तेवढेच जळते. रद्द झालेली तिकिटे वगळावीत. यजमान संस्थेने काढलेले तिकीट आपल्या बिलात येत नाही, म्हणून वर्षाअखेरीस प्रत्येक शिक्षकाकडून त्याची यादी घ्यावी आणि वेगळी दाखवावी. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची तिकिटे आपल्या नावावर. नाहीतर दोन्ही संस्था एकमेकांकडे बोट दाखवतात आणि प्रवास कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरी उपकेंद्र, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ यांनी हा तक्ता एकच ठेवावा आणि वार्षिक अहवालात विभागवार बेरीज छापावी. व्यक्तींची नावे छापू नयेत. पाचपेक्षा कमी शिक्षक असलेले विभाग एकत्र करावेत, कारण तीन माणसांच्या विभागात कोण अमेरिकेला गेले हे सगळ्या गावाला माहीत असते, आणि पुढच्या वर्षीपासून बिलातला रकाना खोटा भरला जाऊ लागतो.

आपले,
परिषदा आणि प्रवासबिले या दोन्हींशी रोजचा संबंध असलेले काही शिक्षक व लेखा कर्मचारी,
रत्नागिरी